भरत्या बॅटरीपाशी

‘लाल तार अधिक, काळी तार उणी,
भरत्या बॅटरीला सोडू नये कुणी.’

आईचा आवाज. दुकानाच्या काउंटरमागून, दातांनी चिकटपट्टी तोडता तोडता म्हटलेला. घराच्या पुढच्या खोलीत आमचं खेळणी दुरुस्तीचं दुकान होतं. रिमोटच्या गाड्या, फोमची विमानं, मोटारीच्या होड्या. दादा आतल्या टेबलावर तारा जोडत बसायचा, आई पुढं गिऱ्हाईक सांभाळायची. प्रत्येक चार्जरबरोबर सूचनांचा कागद यायचा आणि तो कुणीच वाचायचं नाही. ‘कागद खोक्यात राहतो नि खोकं माळ्यावर,’ आई म्हणायची, ‘म्हणून मी आपली गाण्यात बांधून देते.’ माणूस पिशवी घेऊन पायऱ्या उतरायचा तेव्हा त्याच्या ओठांवर ते गाणं असायचं.

बॅटरीच्या आत जे सेल असतात त्यांना ती ‘घर’ म्हणायची. दोन घरांची बॅटरी, तीन घरांची बॅटरी. ‘तिन्ही घरी सारखं जेवण पोचलं पाहिजे, एकाला पातेलं नि एकाला वाटी, असं चालणार नाही.’ बॅटरीला दोन वायरी असतात, एक जाड, एक बारीक पांढऱ्या पिनेची. जाडीतून वीज आत जाते आणि बारकीतून चार्जरला कळतं कुठल्या घरी किती पोचलं. हे मला आठव्या वर्षी कळलं होतं, ते या ‘घरा’मुळे.

आई जाऊन अकरा वर्षं झाली. मी तिच्या त्या दुसऱ्या ओळीत राहते.

ती ओळ म्हणजे सहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद अशी पत्र्याची खोली. गावाबाहेरच्या सपाट मैदानावर आमच्या छंदवाल्यांचा क्लब आहे. एका बाजूला विमानांची धावपट्टी, दुसऱ्या बाजूला गाड्यांचा मातीचा ट्रॅक, पलीकडे होड्यांसाठी उथळ तळं. या सगळ्यांपासून वीस पावलं दूर ही चार्जिंगची खोली. टेबल विटांचं, वर फरशी. फरशीवर सहा चार्जर ओळीनं. टेबलाखाली वाळूच्या दोन बादल्या आणि झाकणाचा एक लोखंडी डबा. एक खुर्ची. लोक बॅटरी आणून देतात, चिठ्ठीवर नाव आणि घरं लिहितात आणि उडवायला जातात. मी बसते. भरत्या बॅटरीला सोडू नये कुणी, तर मी सोडत नाही. मला सगळे चार्जिंगताई म्हणतात. मला वाटतं बऱ्याच जणांना माझं नाव ठाऊकही नाही.

खिडकी उंचावर आहे आणि तिला जाळी आहे. त्यातून दीड हात आभाळ दिसतं. विमान त्यातून जातं ते दोन मोजेपर्यंत. उरलेलं मी आवाजावरून ओळखते. हे पिवळं, त्याचा पंखा जरासा वाकलाय. हा नवखा, वळताना घाबरून जोर कमी करतोय. आता खाली ये, आता, हां. कधी कधी माझे अंगठे मांडीवर आपोआप हलतात. मग मी हात घडी घालून बसते.

एके काळी मी उडवायची. दादापेक्षा बरी, असं दादाच म्हणायचा.

*

रविवारी दहाला दादा नव्या लोकांना शिकवतो. या खोलीला लागूनच बाहेर बाक आहे, तिथं. पत्र्यातून मला शब्द न् शब्द ऐकू येतो. ऐकायची गरज नाही खरं तर. मला तो कुठं खोकणार तेही ठाऊक आहे.

‘चार्जर म्हणजे बॅटरीची आया,’ तो सुरुवात करतो. ‘आया निवडताना आधी मूल कुठलं ते बघा. निकेलची बॅटरी वेगळी, लिथियमची वेगळी. निकेलची भरत आली की तिचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, किंचित खाली येतो. तेवढी एक खूण. निकेलचा चार्जर त्या खुणेची वाट बघत बसतो, ती दिसली की थांबतो. आता हाच चार्जर लिथियमला लावला तर? तिचा दाब खाली येतच नाही. हा वाट बघतोय, ती पितेय. हा वाट बघतोय, ती पितेय. मग ती फुगते. मग...’

इथं तो थांबतो आणि उजवा हात वर करतो. मला दिसत नाही, पण करतो.

‘हा अंगठा बघा. चौदा वर्षं हा वाकलेला नाही. मला कितीही राग आला तरी हा सगळ्यांना “मस्त, मस्त” म्हणत उभा असतो.’

हशा.

‘कारण एका दिवशी हा गाढव लिथियमची बॅटरी निकेलच्या मोडवर लावून अंघोळीला गेला. आमच्या चार्जरला दोन्ही मोड होते, आदल्या वेळची निकेलची लावलेली होती, मोड बदलायचा राहिला. बदलला असं मला अजून वाटतं. पण वाटण्याला काय करायचंय? बॅटरी पेटली. मी ती हातानं उचलून अंगणात फेकली. विमान उडवणारा अंगठा होता हा. तेव्हा मोड वाचा. मोठ्यानं वाचा. लोक हसले तर हसू द्या.’

मग कुणीतरी विचारतं, ‘घरात आणखी कुणी नव्हतं का?’ आणि दादा म्हणतो, ‘बहीण होती, पण नशीब, ती पाच मिनिटांसाठी मागं मैदानात गेली होती. नाहीतर तिचा हात गेला असता.’

नशीब. दर रविवारी तो हा शब्द म्हणतो आणि दर रविवारी मी पत्र्याच्या अलीकडे बसून तो गिळते.

आणि त्या दिवसापासून दादाचा स्वतःवर विश्वास नाही. कुलूप लावून चार पावलं जातो, परत येतो, ओढून बघतो. गॅस बंद केला का हे वहिनीला विचारतो, मग स्वतः जाऊन बघतो, मग मला विचारतो. ‘हाताला आठवतं ते खरं नसतं गं,’ म्हणतो. हातावर विश्वास नसलेला माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या हातांना शिकवत असतो.

*

या रविवारी शिकवणी संपली तेव्हा माझ्या टेबलावर तीन बॅटऱ्या भरत होत्या. दोन विमानांच्या, एक गाडीची. दारात एक बाई उभ्या राहिल्या. साठीच्या, चष्म्याला दोरी, गळ्यात मोजमापाची टेप तशीच राहिलेली.

‘आत येऊ का? की हीसुद्धा पेटते?’

‘या ना. पेटायला लागली तर आधी मी पळेन, मग तुम्ही पळा.’

‘चालेल. माझे गुडघे बघता मी उद्या पोचेन.’ त्या आल्या आणि दुसरी खुर्ची नाही म्हणून वाळूच्या बादलीच्या कडेवर टेकल्या. ‘मी टेलर. म्हणजे होते. बायकांचे कपडे. आता डोळे थकले, म्हणून म्हटलं होडी चालवू. भाच्यानं जुनी दिली. हिला भरायचं कसं ते तुमच्या मास्तरांनी सांगितलं, पण त्यांचा अंगठा बघून मी इतकी घाबरले की बाकीचं डोक्यातनं गेलं.’

त्यांनी पिशवीतून दोन घरांची लिथियमची बॅटरी काढली आणि भिंतीच्या सॉकेटात घालायचा एक काळा चार्जर. मी बॅटरी तळहातावर घेतली. पोटाशी गुबगुबीत लागली.

‘फुगलीय,’ मी म्हटलं.

‘माझ्यावर? मी काय केलं तिला?’

‘हा चार्जर कुठला?’

‘भाच्याच्या कुठल्याशा गाडीचा. पिन बसली म्हणून लावला.’

‘हा निकेलचा आहे, टेलरबाई. पिन बसणं आणि जमणं वेगळं.’

‘कळलं. ब्लाउज अंगात गेला म्हणजे मापाचा झाला, असं नव्हे.’ त्यांनी मान हलवली. ‘पण घरी आमचे हे फुगले तर दोन दिवसांनी उतरतात. ही नाही उतरायची?’

‘नाही. ही फुगली की फुगली. ती आता या डब्यात जाईल, वाळूत. तुम्ही वेळीच आलात.’

मी बॅटरी डब्यात ठेवून झाकण लावलं. मग क्लबाची एक चांगली बॅटरी काढून त्यांना दाखवू लागले. चार्जर घ्यायचा तो पडद्यावर नाव दाखवणारा घ्या. बारीक पांढऱ्या पिनेला भोकं असलेला घ्या, म्हणजे दोन्ही घरी सारखं पोचतंय ते दिसेल. आणि प्रवाह किती, ते बॅटरीवरच लिहिलेलं असतं. दोन हजार दोनशे लिहिलं असेल तर दोन पूर्णांक दोन अँपिअर ठेवायचा. जास्त ठेवला तर लवकर भरेल, पण बॅटरी लवकर म्हातारी होईल.

‘घाईची शिलाई,’ टेलरबाई म्हणाल्या. ‘पहिल्या धुण्याला उसवते.’

मी हसले. फार दिवसांनी या खोलीत कुणी बसलं होतं.

तेवढ्यात पत्र्यापलीकडे बाकावर कुणीतरी बसल्याचा आवाज आला आणि कागद फडफडला.

*

‘एवढा फॉर्म भरला की झालं, मास्तर.’ हे नव्या प्रशिक्षण केंद्राचे साहेब होते. गेले दोन महिने ते दर रविवारी येत होते. शहरात नवं केंद्र उघडत होतं, ड्रोन उडवायला शिकवणारं. तिथं बॅटऱ्यांचा नि सुरक्षेचा मुख्य शिक्षक म्हणून त्यांना दादाच हवा होता. दादानं घरी काही दाखवलं नव्हतं, पण महिनाभर तो संध्याकाळी वहीत आकृत्या काढत होता आणि परवा मी त्याला आरशासमोर ‘विद्यार्थी मित्रहो’ म्हणताना पकडलं होतं.

दादा डाव्या हातानं लिहितो. हळू. पेन कागदावर घासल्याचा आवाज मला येत होता.

‘सात नंबर,’ दादा म्हणाला. ‘“आपल्या निष्काळजीपणामुळे पूर्वी अपघात झाला आहे काय?”’

‘तिथं “नाही” लिहा.’

‘असं कसं?’

‘चौदा वर्षं झाली, मास्तर. स्वतःच्या घरात. कुणी तक्रार केली नाही, काही नाही.’

‘आत्ता तासाभरापूर्वी मी अंगठा दाखवून काय सांगितलं ते ऐकलंत ना? तोंडानं एक शिकवू नि कागदावर दुसरं लिहू?’

साहेब म्हणाले, ‘हे बघा, सरळ सांगतो. तिथं “हो” लिहिलंत तर माझ्या वरचा माणूस हा कागद पुढं पाठवणार नाही. मी कितीही सांगितलं तरी. आणि कागद मला आज न्यायचाय.’

‘मग नका नेऊ,’ दादा म्हणाला. रागावून नाही. एखादं दार आधीच बंद असल्याचं ठाऊक असलेला माणूस म्हणतो, तसं. ‘उद्या एखाद्या पोराचा हात भाजला, तर मी कुठल्या तोंडानं उभा राहू? ज्याला स्वतःचा मोड आठवत नाही, त्यानं दुसऱ्यांना पास-नापास करायचं?’

पेनचं टोपण काढल्याचा टक् आवाज आला.

माझ्या समोर पडद्यावर आकडे चढत होते. बारा पूर्णांक एकवीस. बारा पूर्णांक बावीस.

*

आईचं दुसरं एक गाणं होतं. ते मी कुणाला शिकवत नाही. चौदा वर्षांत एकदाही ओठांवर आणलेलं नाही.

‘आधी वाच नाव, मग मोज घरं,
मग दाब बटण, तेच बाई खरं.’

त्या दिवशी आई बाजारात गेली होती. दादानं सकाळी माझ्या रिमोटची निकेलची बॅटरी भरून दिली होती. मग त्यानं स्वतःच्या विमानाची तीन घरांची लिथियमची लावली. मी पाठीमागे उभी होते. त्यानं मोड बदलला. मी बघितलं. पडद्यावर खालची, लिथियमची ओळ आली, त्यानं ती बोटानं टकटक केली, बटण दाबलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाला, ‘बघ गं जरा.’

‘हो,’ मी म्हटलं.

बाहेर वारा पडला होता. पाच दिवस वाहत होता, आणि त्या दुपारी असा पडला होता की मागच्या मैदानातलं गवत जागच्या जागी उभं होतं. माझं छोटं पांढरं विमान दाराशी तयार होतं. मी चार्जरकडे बघत बसले होते आणि माझे अंगठे शिवशिवत होते.

आणि लाइट गेली.

दोन मिनिटांसाठी असेल. दादाला बाथरूममध्ये उजेड होता, पाणी बादलीत होतं. त्याला कळायचं कारण नव्हतं. लाइट परत आली. चार्जर टुं करून जागा झाला आणि यादीच्या पहिल्या ओळीवर येऊन थांबला. आमच्या त्या जुन्या चार्जरला मागचं काही आठवायचं नाही. वीज गेली की सगळं विसरून तो वरच्या ओळीवर यायचा. वरची ओळ निकेलची.

मी वाचली नाही. मी बटण दाबलं, दाबून धरलं, आकडे पळायला लागले, आणि मी विमान उचलून धावले.

पाच मिनिटं नव्हती ती. अर्ध्या तासाच्या वर असेल. दादाला अंघोळीला वेळ लागायचा आणि त्या दिवशी तो दाढीही करत होता. मी तेवढ्या वेळात तीनदा मोठी वळणं घेतली. इतकं स्वच्छ मी कधी उडवलं नव्हतं. मग घरातून धूर दिसला.

दवाखान्यातून परत आल्यावर आईनं ओट्यावरचं विजेचं घड्याळ बघितलं. लाइट गेली की ते शून्यावर येऊन मिचमिचायचं. आईनं ते नीट करायला घेतलं आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, ‘दुपारी लाइट गेली होती का गं?’

‘माहीत नाही. मी मागं होते.’

ती आकडे पुढं सरकवत राहिली, गरजेपेक्षा बराच वेळ. पुढं तीन वर्षं ती होती. पुन्हा कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही. दोघी एकाच ताटात जेवलो, एकाच उशीला डोकी टेकली, आणि ते मिचमिचणारं घड्याळ दोघींच्या मधे ठेवून झोपलो.

दादा तेव्हा बँडेज बांधलेला हात घेऊन म्हणायचा, ‘मीच मोड बदलला नसणार.’ पहिल्या दिवशी मी सांगू शकले असते. दुसऱ्या दिवशी जड गेलं. आठव्या दिवशी त्यानं ते गिऱ्हाइकांना सांगितलं आणि महिन्याभरात ते त्याचं झालं. एखादी गोष्ट माणसाची झाली की ती त्याच्याकडून काढून कशी घ्यायची? त्याच वर्षी क्लबानं ही खोली बांधली तेव्हा मी आपण होऊन म्हटलं, मी बसते. सगळ्यांना वाटलं किती जबाबदार. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बसून बसून फिटेल.

नाही फिटलं. बसून फक्त खुर्चीची वेताची जाळी तुटली.

*

‘तुम्हाला बरं नाही का?’ टेलरबाईंनी विचारलं. ‘चेहरा पार उतरला.’

पत्र्यापलीकडे साहेब म्हणत होते, ‘अजून एकदा विचार करा. मी चहा पिऊन येतो.’ दादा म्हणाला, ‘चहा घ्या, पण उत्तर तेच आहे.’ मग नुसतं पेन. तो आधी बाकीचे रकाने भरत असणार. नाव. वय. पत्ता. डाव्या हातानं, एकेक अक्षर.

‘मला बाहेर जायचंय,’ मी म्हटलं. हे वाक्य मी या खोलीत कधी म्हटलं नव्हतं. पत्र्यांनाही नवीन वाटलं असेल.

‘मग जा की.’

‘भरतायत ना.’ मी तिन्ही बॅटऱ्यांकडे हात केला. ‘भरत असताना सोडायच्या नाहीत.’

‘मी बसू?’

‘नाही. नवीन माणसाला एकट्याला नाही बसवत.’

‘मग बंद करून जा.’

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

‘का? बंद नाही होत का?’ टेलरबाई पुढं वाकल्या आणि चष्मा नाकावर सरकवून चार्जर न्याहाळला. ‘हे काय, लाल बटण आहे की. “थांबा” लिहिलंय चक्क. अहो, मी चाळीस वर्षं मशीनवर बसले. दारात कुणी आलं की पाय उचलायचा. शिवण कुठं पळून जातेय? परत येऊन तिथूनच पुढं.’

‘अर्धवट राहतील.’

‘राहिल्या तर बिघडतात?’

‘नाही,’ मी म्हटलं. आणि मग जे मी हजार लोकांना हजार वेळा सांगितलं आहे तेच सांगू लागले, कारण तोंडाला सवय आहे. ‘उलट या अर्ध्याच बऱ्या राहतात. काठोकाठ भरून वापरल्याशिवाय ठेवल्या तरच आतून खराब...’



टेलरबाई गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळत बसल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि तरी त्यांनी नजर दुसरीकडे केली, कपडे बदलणाऱ्या बाईसमोर करतात तशी.

मी उठले. पहिल्या चार्जरचं लाल बटण दाबलं. टुं. आकडे जिथल्या तिथं थांबले. दुसरं. टुं. तिसऱ्याला डाव्या हातानं उजवा धरला आणि दाबलं. टुं. मग एकेक बारीक पांढरी पिन काढली, मग जाड वायर, आणि तिन्ही बॅटऱ्या वाळूवर वेगवेगळ्या ठेवल्या. खोली इतकी शांत झाली की चार्जरांना पंखे आहेत हे मला तेव्हा कळलं. ते छोटे पंखे चौदा वर्षं माझ्या कानात फिरत होते, ते बंद पडले होते.

‘कुणी आलं तर?’ टेलरबाईंनी विचारलं.

‘सांगा, ताई बाहेर गेलीय.’

‘आणि विचारलं, कधी येणार, तर?’

‘ते सांगू नका.’

दारातून खोलीच्या कोपऱ्याला वळसा घालून बाकापर्यंत अकरा पावलं आहेत. ऊन डोळ्यांत घुसलं. वर पिवळं विमान पूर्ण दिसत होतं, वळण घेताना, वळण संपताना, आणि त्यानंतरही. धावपट्टीजवळच्या एकानं मला बघून दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. ‘चार्जिंगताई उठली रे. काहीतरी पेटलंय.’

दादानं मान वर केली. तो बाकावर वाकून बसला होता, मांडीवर पाटी, पाटीवर फॉर्म. ताठ अंगठ्याचा हात कागद दाबून धरत होता. सहाव्या प्रश्नापर्यंत सगळे रकाने भरलेले. सातव्यावर पेनचं टोक टेकलेलं, निळा एक ठिपका उमटलेला.

‘काय गं? आत कुणी आहे का?’ तो घाबरून उठायला लागला. ‘भरतायत ना?’

‘बंद केल्यात.’

‘तिन्ही? नीट बघितलंस? वायरी काढल्यास?’

‘काढल्या.’

‘मोठ्यानं वाचून?’ हे तो सवयीनं म्हणाला. मग माझा चेहरा बघून थांबला. ‘काय झालं? बस. बस इथं.’

मी बसले नाही. चौदा वर्षं बसले होते. त्याच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं, टोपण लावलं आणि बाकावर ठेवलं. त्याचा अंगठा माझ्यासमोर तसाच उभा होता, मस्त म्हणत. त्या अंगठ्याकडे बघून बोलणं जमलं नसतं, म्हणून मी तो मुठीत धरला. गार होता. त्याला स्पर्श कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

‘तू मोड बदलला होतास, दादा,’ मी म्हटलं. ‘मी पाठीमागे उभी होते, मी बघितलं. तुझ्या हाताला बरोबर आठवतंय. तू अंघोळीला गेलास नि लाइट गेली. दोन मिनिटांनी आली. मला उडवायला जायचं होतं. परत बटण मी दाबलं. वाचलं नाही.’